हरणांनी नेलेला वर्ग

रूडी कोस्केलाला त्याच्याच वर्गातून बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मला ते मनापासून आवडलं. इतकी वर्षं या माणसाने फळ्यापाशी उभं राहून दुसऱ्यांना 'बसा' आणि 'उठा' म्हटलं होतं. त्या शुक्रवारी दुपारी मी दार उघडून धरलं आणि म्हटलं, "चल, नीघ."

"आणि तोवर मी काय करू?"

"कॉफी पी. तुझी ती मांस-बटाट्याची पास्टी खा. फक्त दाराला कान लावायचा नाही."

"लावून तरी काय ऐकू येणार आहे, व्हर्ना? ही माणसं बोलतात का कधी?"

त्याचंही चूक नव्हतं. सुपीरियर सरोवराच्या या काठावर माणसाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गोठलेल्या नळातून पाणी काढणं. आमच्या गल्लीतल्या एकाचा गोठा जळून खाक झाला तेव्हा त्याला विचारलं, कसं आहे, तर म्हणाला, "जरा ऊबदार आहे." दुसऱ्याने आपल्याला काही खासगी सांगितलं तर ते तिसऱ्याला सांगायचं नाही, ही तर इथे लहानपणापासूनची शिकवण. अशा लोकांकडून मी वर्गाबद्दलचं मत काढून घ्यायचं होतं.

हा उद्योग आमच्या नव्या डीनबाईंचा. त्या डेट्रॉइटकडच्या, म्हणजे त्यांना बोलायची सवय. आल्या आल्या त्यांनी विचारलं, विद्यार्थ्यांना तुम्ही कधी विचारता? आम्ही म्हटलं, सत्राच्या शेवटी छापील प्रश्न देतो, ते सगळीकडे 'ठीक' लिहितात. त्या म्हणाल्या, "म्हणजे जे टिकले त्यांना विचारता. जे मध्येच गेले त्यांना कोण विचारतं?" मी गणिताची मदतखोली चालवते, अडलेल्यांना तिथे बसवून शिकवते, पण हा प्रश्न माझ्याही डोक्यात कधी आला नव्हता. मला त्या बाईचा थोडा रागच आला, आणि मग ती आवडायला लागली.

त्यांची रीत अशी: सत्राच्या मध्यावर शिक्षकाला बाहेर पाठवायचं. बाहेरच्या कोणीतरी वर्गात जाऊन दोनच प्रश्न विचारायचे. इथे शिकायला कशाची मदत होते, आणि काय आड येतं? लोकांनी आधी तिघातिघांत आपसात बोलायचं, मग एकाने सगळ्यांच्या वतीने सांगायचं. म्हणजे कोणाचं नाव कशाला चिकटत नाही.

सुरुवात रूडीच्या वर्गापासून, कारण गळती तिथेच सर्वांत जास्त. आणि त्या गळतीला आमच्याकडे तयार उत्तर होतं: हरणं. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो, शाळासुद्धा त्या दिवशी बंद असतात, कॉलेज तेवढं चालू असतं, माणसं बंदूक आणि बिअर घेऊन रानातल्या झोपड्यांत जातात. त्याच्या थोडंच आधी रूडीचा वर्ग दरवर्षी अर्धा रिकामा व्हायचा. "हरणांनी नेले," असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो आणि हसायचो. ज्या बायकांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती त्याही हरणांनीच नेल्या, असं कसं, हे कोणाला सुचलं नाही.

आता डार्लाबद्दल सांगते, कारण माझा जीव तिच्यात अडकला होता. डार्ला बेसोनेन प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात जेवण रांधते. दर शनिवारी आम्ही दोघी तिच्या सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसतो. आईचं शेवटचं आजारपण तिने एकटीने काढलं, आणि तेव्हापासून तिला नर्स व्हायचं आहे. नर्सिंगच्या दाराशी रूडीचं गणित उभं आहे. दोनदा ती त्या वर्गाला बसली आणि दोन्ही वेळा मध्येच सोडून आली. का सोडलंस विचारलं तर म्हणायची, "जमत नव्हतं." कॉलेजचा नियम असा की एका विषयाला तीनदाच बसता येतं, आणि नाव मागे घेतलं तरी ती खेप मोजली जाते. ही तिची तिसरी खेप होती. या वेळी सुटलं की नर्सिंगचं दार कायमचं बंद.

मागच्या शनिवारी ती खुशीत होती. "चाचणीत जवळजवळ सगळं बरोबर आलं गं," म्हणाली, आणि आनंदाच्या भरात तापल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की वाफेने मला खालच्या फळीवर उतरावं लागलं.

आणि आज तिची खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, शाळेत भांडी आवरायला उशीर झाला असेल.

मी प्रश्न विचारले. वर्गाने बुटांकडे पाहिलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, खुर्च्यांच्या पाठीवर शिकारीचे भडक नारिंगी कोट लटकत होते, कारण निम्मे लोक वर्ग सुटल्यावर थेट झोपड्यांची डागडुजी करायला जाणार होते. मी तिघातिघांचे गट पाडले. गटांत थोडी कुजबुज सुरू झाली. मदत कशाची होते? एका गटाने सांगितलं, मिस्टर के, म्हणजे रूडी, उदाहरण दोनदा सोडवून दाखवतात. दुसऱ्याने सांगितलं, ते कधी ओरडत नाहीत. बरं. आणि आड काय येतं?

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

दाराजवळच्या गटात लॉईड बसला होता. कागदाच्या गिरणीत उभा जन्म घालवून, गिरणी बंद पडल्यावर आता वीजतंत्री व्हायला निघालेला माणूस. तो म्हणाला, "आड काही येत नाही. पण माझं मत धरू नकोस, व्हर्ना. मी सोमवारपासून नसेन."

"का रे?"

"तसं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

लॉईडने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "रूडीने सुचवलं. पेट्रोल भरताना भेटला होता. त्याचं काही चुकलं नाही, चांगल्या शब्दांत म्हणाला. 'शुक्रवारपर्यंत नाव मागे घेता येतं, लॉईड. त्यात लाजण्यासारखं काही नाही.'"

त्याच्याच गटातली ब्रिन एकदम वर पाहायला लागली. ब्रिन म्हणजे मुलींच्या हॉकी संघाची गोलरक्षक, वर्गात पहिल्या दोघातिघांतली.

"आणि शेवटी 'बघ, तुझ्यावर आहे' असं म्हणाले का?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मला जिन्यात म्हणाले."

"तुला?" लॉईड म्हणाला. "तुला तर नव्वदच्या वर पडतात."

"म्हणून तर मला कळेना. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच चुकतेय आणि ते बिचारे सांगायला लाजतायत. मी घरी जाऊन रडले."

मागून वेंडल नावाचा गॅरेजवाला उठला. एरवी त्या माणसाच्या तोंडून ब्र निघत नाही. "थांबा, थांबा. मला हॉकीच्या मैदानावर गाठून सांगितलं. पोराची मॅच चालू असताना. मला वाटलं, माझ्या एकट्याचंच..."

डीनबाईंचे नियम मी तिथल्या तिथे गुंडाळून ठेवले. "हात वर करा," मी म्हटलं. "रूडीने कोणाकोणाला गाठून हे सांगितलं?"

एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळीकडून. माणसं मागे वळून एकमेकांकडे पाहायला लागली. कोणाला दुकानात सांगितलं होतं, कोणाला चर्चच्या पायऱ्यांवर, कोणाला कॉफीच्या यंत्रापाशी. कोपऱ्यातून कोणीतरी रूडीच्या संथ आवाजात सुरू केलं, "त्यात लाजण्यासारखं..." आणि अख्ख्या वर्गाने पुरं केलं, "काही नाही. बघ, तुझ्यावर आहे." मग जे हसू फुटलं ते आवरेना. सत्रभर एकमेकांशी न बोललेली माणसं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. लॉईड डोळे पुसत होता.

मी फळ्याजवळ उभी होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. एवढ्या वर्षांत घोडं कुठे पेंड खातंय ते कोणाला कळलं नव्हतं, आणि आम्ही सगळं खापर बिचाऱ्या हरणांच्या डोक्यावर फोडत आलो होतो. रूडी दरवर्षी अपार दयाळूपणाने एकेकाला बाजूला घेऊन दार दाखवत होता. आणि इथली माणसं इतकी भिडस्त की कोणी कोणाला बोललं नाही.

तेवढ्यात ब्रिन म्हणाली, "बाई, डार्ला कुठे आहे?"

हसू थांबलं.

"काल ते तिच्याशी गाडीपाशी बोलत होते," वेंडल म्हणाला. "ते गेल्यावरही ती बराच वेळ गाडी सुरू न करता बसली होती."

"आज मला दिसली मुख्य इमारतीकडे जाताना," मागून एकजण म्हणाला. "चांगला कोट घातला होता."

आमच्याकडची बाई चांगला कोट दोनच वेळा बाहेर काढते: कोणाला पोचवायला, नाहीतर कचेरीत जाऊन कशावर सही करायला. नाव मागे घ्यायचा आज शेवटचा दिवस होता आणि नोंदणीची खिडकी चारला बंद होणार होती.

मी दार उघडलं. रूडी समोरच्या बाकावर अर्धी पास्टी हातात घेऊन बसला होता.

"झालं एवढ्यात? हसताय काय सगळे?"

"डार्लाला काय सांगितलंस?"

"जे सगळ्यांना सांगतो तेच."

"सगळ्यांना सांगतोस, हे तिला सांगितलंस का?"

"ते कशाला? एकाचं दुसऱ्याला मी कधी सांगत नाही."

"अरे देवा. रूडी, आत प्रत्येकाला वाटतंय की तू फक्त त्याला एकट्यालाच जा म्हणालास. ब्रिनसुद्धा घरी जाऊन रडली. दरवर्षी हेच होत आलंय. तुझा वर्ग हरणं नेत नाहीत, तू घालवतोस."

रूडी हे का सांगायचा ते मला माहीत होतं. विशीत तो खाली दक्षिणेत मोठ्या विद्यापीठात गेला होता, रसायनशास्त्र जड गेलं, आणि नाव मागे घ्यायची तारीख असते हे त्याला कोणी सांगितलंच नाही. नापासाचा शिक्का बसला, शिष्यवृत्ती गेली, परत येऊन त्याने लॉईडच्या शेजारी गिरणीत कितीतरी वर्षं काढली. माझ्या हाताखालच्या एकाचंही असं होऊ देणार नाही, ही त्याने मनाशी बांधलेली गाठ होती. चारचौघांत सांगितलं तर माणूस कानकोंडा होतो, म्हणून तो एकांतात सांगायचा. वाईट काय होतं त्यात? काहीच नव्हतं, आणि त्यानेच सगळ्यांचा घात होत होता.

"ही तिची तिसरी वेळ आहे," मी म्हटलं.

रूडीने उरलेली पास्टी माझ्या हातात कोंबली आणि तो धावत सुटला.

त्याचा डावा गुडघा अधू आहे, त्यामुळे त्याचं धावणं म्हणजे एक पाय धावतो आणि दुसरा विचार करतो. मी त्याच्यामागे, माझ्या हातात पास्टी, माझ्यामागे अख्खा वर्ग. नारिंगी कोट अंगावर चढवत, बर्फावर घसरत, एकमेकांना धरत सगळे निघाले. दुसऱ्या वर्गांच्या खिडक्यांत माणसं गोळा झाली. पुढे म्हातारा शिक्षक आणि मागे शिकाऱ्यांची टोळी, असा देखावा आमच्या कॉलेजने आजवर पाहिला नव्हता. मागून ब्रिन ओरडत होती, "मिस्टर के, गुडघा सांभाळा," आणि लॉईड म्हणत होता, "सांभाळतो कसला, पळ रे रूडी."

नोंदणीच्या खिडकीशी रांग होती. रांगेत रूडीच्या सकाळच्या वर्गाची माणसं उभी. त्याला पाहून ती अशी दचकली की जणू तो वसुलीलाच आला. खिडकीच्या आत ओपल बसली होती.

"डार्ला बेसोनेन आली होती?" रूडीने धापा टाकत विचारलं.

"येऊन, सही करून गेली."

"कागद कुठे आहे?"

"हा इथे. खिडकी बंद केली की सगळे एकदम संगणकावर चढवते."

"दे तो मला."

"तुला का म्हणून? ज्याचा कागद त्याच्याच हातात मिळेल." ओपलने चष्म्यावरून मागच्या गर्दीकडे पाहिलं. "आणि रूडी, एक विचारू का? दरवर्षी तुझ्याकडचे एवढे लोक येतात इथे. तू मारतोस की काय त्यांना?"

रूडी रांगेतल्या पहिल्या मुलाकडे वळला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सवयीने त्याच्या कानाशी वाकला.

"रूडी," मी ओरडले. "कानात नाही."

तो सरळ झाला. मानेपासून कानापर्यंत लाल झाला होता. या माणसाला लोकांसमोर वर्गमूळ काढायला सांगा, झोपेत काढेल. पण मनातलं बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळते. "हे बघा," तो म्हणाला, "ते शुक्रवारचं मी सगळ्यांना सांगतो. दरवर्षी, प्रत्येकाला. कोणी जावं असं मला म्हणायचं नव्हतं."

मग रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे थांबू का मी?"

"थांब की," रूडी म्हणाला. "थांबा सगळे." आणि ते तोंडातून गेल्यावर तोच चमकून बघायला लागला.

आम्ही पार्किंगकडे पळालो. डार्ला तिच्या जुन्या ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. अंगावर चर्चला जाताना घालायचा निळा कोट. आमची वरात पाहून तिचा हात थांबला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं," मी म्हटलं. "तू चालली आहेस, म्हणून आलो."

तिने माझी नजर टाळली. "व्हर्ना, शनिवारी सांगणारच होते मी तुला. जमत नाही मला ते. मिस्टर के काल फार चांगल्या शब्दांत म्हणाले."

"काय म्हणाले ते सांगू का?" लॉईड पुढे झाला. "लाजण्यासारखं काही नाही. बघ, तुझ्यावर आहे."

"तुला कसं..."

"मलाही म्हणाला. आणि हिलाही."

"मलाही," ब्रिन म्हणाली. "जिन्यात."

"मलाही," वेंडल म्हणाला, आणि मग मागून सगळीकडून तेच येत राहिलं. डार्लाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळे मिळून आपली थट्टा करतायत की काय असं बघत असावी. शेवटी तिची नजर रूडीवर येऊन थांबली.

"तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना."

"मागच्या वेळी?"

"तेव्हाही."

"त्याच्या आधी, मी पहिल्यांदा बसले होते तेव्हा?"

"तेव्हाही, डार्ला. मला वाटायचं, मी तुला वाचवतोय."

"कशापासून?"

"नापास होण्यापासून."

तिने हातातली खरवडणी बॉनेटवर ठेवली. "मी नापास होत होते का?"

बर्फ रूडीच्या भुवयांवर साचत होता. खोटं बोलायची सोय होती, मी असते तर कदाचित बोलले असते. तो नाही बोलला.

"नाही," तो म्हणाला. "दोन्ही वेळा नाही. आणि आत्ता तर नाहीच."

डार्ला रडली नाही. तिला राग आला, आणि तिचा तो राग बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "दोनदा," ती म्हणाली. "दोनदा मी घरी जाऊन पुस्तकं तळघरात टाकली. मला वाटलं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे आणि या माणसाला ते दिसलंय. पोरांना वाढताना मी स्वतःलाच सांगायचे, बाई, तुझी जागा इथेच. आणि तुम्ही ते ब्रिनलाही सांगत होतात?"

"चुकलं माझं," रूडी म्हणाला.

"ते ठेवा बाजूला. आता मला सांगा, मी काय करू? आणि तुमचं ते 'तुझ्यावर आहे' नको. तुमच्या मनात काय आहे ते सांगा."

रूडी पुटपुटला.

"मोठ्याने," डार्ला म्हणाली.

"थांब," रूडी म्हणाला. आणि मग बर्फात, अख्ख्या वर्गासमोर, तो खरोखरच मोठ्याने बोलला. "थांब, डार्ला. माझ्या वर्गात तू मला हवी आहेस. तू पास होणार आहेस, आणि उद्या मी आजारी पडलो तर मला तूच नर्स म्हणून हवी."

इथे असं कोणी बोलत नाही. लग्नातसुद्धा नाही. लॉईड आभाळाकडे पाहायला लागला, वेंडलने तोंड फिरवलं, ब्रिन उघडउघड रडत होती. डार्ला मात्र निळा कोट दोन्ही हातांनी वर धरून मुख्य इमारतीकडे अशी पळाली की आम्हा कोणालाच तिला गाठता येईना.

ओपलने खिडकीची झडप अर्धी खाली ओढली होती. डार्लाने खालून हात घातला. "माझा कागद."

"घड्याळ बघितलंस का?"

"ओपल," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

ओपलने उसासा टाकला, कागद शोधला आणि झडपेखालून सरकवला. रांग केव्हाच मोडली होती, सकाळच्या वर्गाचे लोक भिंतीला टेकून मजा बघत होते. डार्लाने कागदाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि कुठे टाकावे कळेना म्हणून कोटाच्या खिशात ठेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका हातात पास्टी असल्यामुळे मला काही त्या वाजवता आल्या नाहीत.

"आणि व्हर्ना," ओपल झडपेआडून म्हणाली, "नोंदणीच्या खोलीत खायला बंदी आहे."

डीनबाईंना मी सगळं जाऊन सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. आता मी प्रत्येक वर्गात जाते, शिक्षकाला बाहेर काढते आणि तेच दोन प्रश्न विचारते. प्रत्येक ठिकाणी काहीतरी निघतं. रूडी आता ती तारीख पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र सांगतो आणि वर म्हणतो, "हे मी सगळ्यांना सांगतोय, कोणी मनाला लावून घ्यायचं नाही."

पण मला लक्षात राहिलाय तो पंधरा नोव्हेंबर. हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस, आणि वर्ग भरलेला. लॉईड पहाटे झोपडीत होता, तिथून सरळ आला होता, त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. ट्रकमध्ये हरीण आहे का विचारलं तर म्हणाला, "हरणं थांबतील." डार्ला तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर उदाहरण सोडवत होती. मी दाराशी उभी होते, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

रूडी बाकांमधून फिरत होता. डार्लापाशी थांबला, तिच्या कागदाकडे पाहिलं, आणि त्याची ती जुनी सवय, हळूच तिच्या कानाशी वाकला.

सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. मग लॉईडपासून ब्रिनपर्यंत अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "मोठ्याने."

रूडी ताठ झाला, लाल झाला, घसा खाकरला. "डार्ला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चौथ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलंय."

"दिसलंय मला," डार्ला मान वर न करता म्हणाली. "तेच लिहितेय."